महादजींचे ते दोन महिने कसे लिहू?

गोठीतली (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. इथे ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या वाचणारे पुष्कळ आहेत, लिहिणारेही आहेत, म्हणून विचारते. दीड वर्ष झालं, एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. तीन प्रकरणं झाली आणि चौथ्यावर गाडी जी अडली ती सात महिने जागची हललेली नाही.

कथा दोन माणसांची. दोघेही राज्य करणारे, दोघेही कविता करणारे. एक महादजी शिंदे, कृष्णभक्तीची पदं रचणारे. दुसरा बादशहा शहाआलम, 'आफताब' या नावाने फारसीत गझला लिहिणारा. उर्दूत आणि ब्रजातही त्याने लिहिलं आहे. महादजी म्हटलं की पानिपत, लंगडा पाय आणि दिल्लीची मसलत, एवढंच सगळ्यांना आठवतं. बादशहा म्हटलं की दुबळा, परावलंबी म्हातारा. पण हे दोघे रात्री दिव्यापाशी बसून यमक जुळवत होते, ही गोष्ट मला सोडत नाही.

ज्यांना हा काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १७८७ साली लालसोटला महादजींचा डाव फसला आणि त्यांना चंबळेच्या अलीकडे यावं लागलं. दिल्लीला वाली उरला नाही. १७८८ च्या जुलैत पानिपतावर मराठ्यांविरुद्ध लढलेल्या रोहिला सरदार नजीबखानाचा नातू गुलाम कादर दिल्लीत शिरला. महिनाअखेर त्याने बादशहाला तख्तावरून खाली ओढलं आणि १० ऑगस्टला त्याचे डोळे काढले. शहाआलम तेव्हा साठ वर्षांचा होता. पुरलेला खजिना सापडेल म्हणून किल्ल्यातल्या जमिनी खणल्या, शहजादे आणि जनानखान्यातल्या बायकांना उपाशी ठेवलं. महादजी त्या वेळी मथुरेत होते. मथुरा-दिल्ली अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. राणेखानाच्या हाताखालची त्यांची फौज दिल्लीत पोचली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

म्हणजे डोळे गेल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी.

आंधळा झाल्यावर शहाआलमने एक गझल रचली. तिचा भाव असा: संकटाचं वादळ उठलं आणि आमच्या राज्याची पानं उधळून गेलं. आम्ही पातशाहीच्या आभाळातला सूर्य होतो (आफताब म्हणजे सूर्यच), आमच्याच काळ्या करणीने संध्याकाळ झाली. डोळे गेले ते बरंच झालं, आमच्या जागी दुसरा बसलेला बघावा लागणार नाही. आणि मग तो महादजींचं नाव घेतो. माधोजी सिंधिया माझा 'फर्जंद-ए-जिगरबंद', माझ्या काळजाचा लेक, आमच्यावर झालेल्या जुलमाची भरपाई करण्यात गुंतलेला आहे.

गुंतलेला आहे! दोन महिने कोणी आलं नाही, आणि हा माणूस अजून म्हणतो आहे, लेक कामात गुंतलाय.

माझ्या चौथ्या प्रकरणात ही गझल मथुरेच्या छावणीत येते. कधी आली, आली का, ही माझी कल्पना. पारसनीस, म्हणजे फारसी पत्रव्यवहार बघणारा कारकून, ती वाचून दाखवतो. त्यानंतर महादजी काय करतात? हा प्रसंग मी पाच वेळा लिहिला. एकदा ते रडले. एकदा तलवारीला हात घातला. एकदा यमुनेकडे बघत गप्प उभे राहिले, आणि तो तर सगळ्यात खोटा वाटला, कारण कादंबरीतल्या प्रत्येक राजाला काही सुचलं नाही की लेखक त्याला नदीकाठी उभा करतो.

मी लिहिलेलं रात्री जेवणं झाली की अण्णांना वाचून दाखवते. अण्णा, माझे वडील, ८७ वर्षांचे. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे सनावळीत चूक झाली तर वाक्य पुरं होऊ देत नाहीत. या प्रकरणात त्यांनी सनाची चूक काढली नाही. मी लिहिलं होतं की डोळे गेल्यावर शहाआलम टाहो फोडत भिंती चाचपत फिरतो. अण्णा म्हणाले, "फिरत नाही गं. आंधळा झालेला माणूस आधी फिरत नाही. बसलाय ती जागा सोडत नाही."

आणि मला आठवलं. वर्तमानपत्राचे मोठे मथळेही दिसेनासे झाले त्या आठवड्यात अण्णा अंगणातल्या बाकावर बसून असायचे, आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. चहाचा कप पुढे केला की एक हात कडेवरून सोडवायला त्यांना वेळ लागायचा. कप हातात आला की दुसऱ्या हाताची पकड आणखी आवळायची, नखं पांढरी पडेपर्यंत. हे मी रोज पाहिलं होतं, तरी लिहिताना मला भिंती चाचपणं सुचलं.

तो प्रसंग मी बदलला, आता शहाआलम जाजमाची किनार धरून बसतो. बादशहाचं निभावलं. महादजींचं मात्र काही केल्या जमत नाही. त्यांना सोडून द्यायचं नाही आणि फासावरही लटकवायचं नाही, असं कसं लिहितात? तुम्ही वाचलेल्या-लिहिलेल्यातून सांगा.

एक सांगते. आमचं लष्कर महादजींच्या हयातीत नव्हतंच, ते १८१० मध्ये दौलतरावांनी वसवलं. पण ज्या मन्सूरशहा फकिरांवर महादजींची श्रद्धा होती त्यांचं देवघर इथे गोरखीत आहे. बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजारचौकात, भाजीला गेले की त्या बाजूला नजर जातेच. त्यामुळे हा माणूस मला पुस्तकातला वाटत नाही, घरातल्या जुन्या पुरुषासारखा वाटतो, आणि त्याच्यावर रागवायला म्हणूनच अवघड जातं.

शिकाऊ_वाचक (उज्जैन)

लिहीत राहा ताई, वाचायला आवडेल. एक शंका. हा राणेखान म्हणजे पानिपतावरचा भिस्तीच ना?

मोडीवाचक (पुणे)

हो, तोच. १४ जानेवारी १७६१ ला पाय तुटलेल्या महादजींना बैलावर घालून वाचवणारा पाणक्या. महादजींनी त्याला भाऊ मानलं, कागदांतही तो 'राणेखान भाई' आहे. सत्तावीस वर्षांनी दिल्लीवर फौज पाठवायची वेळ आली तेव्हा महादजींनी याच माणसाला पाठवलं. ताई, हे तुमच्या तीन प्रकरणांत आलंय की नाही माहीत नाही. नसेल तर आणा.

आता तुमच्या अडचणीबद्दल. मी अकरा वर्षं मोडी कागद वाचतो. तुम्ही प्रसंग महादजींच्या चेहऱ्यावर शोधता आहात. मला वाटतं तो कागदावर आहे. जुन्या पत्राला दोन तारखा असतात. एक लिहिल्याची. दुसरी पत्र ज्याच्या हाती पडलं त्याच्या कारकुनाने वर नोंदवलेली, तिला 'पैवस्ती' म्हणतात. वाचायला शिकलो तेव्हा मी पैवस्ती सोडून थेट मजकुराकडे जायचो. आता आधी पैवस्ती बघतो. मजकुरात 'माणूस लवकर पाठवावा' असं असतं आणि पैवस्ती पंधरा दिवसांनंतरची. त्या पंधरा दिवसांत पत्र लिहिणाऱ्याकडे काय होऊन गेलं असेल, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं आणि आपल्याला माहीत असतं. बसल्या जागी घशाशी येतं.

दिल्ली-मथुरा काही फार लांब नाही. सांडणीस्वार दोन-तीन दिवसांत पोचेल. म्हणजे महादजींना फार उशिरा कळलं ही सबब तुम्हाला देता येणार नाही. कारकून पैवस्ती घालतो, महादजी ती तारीख बघतात, आणि मनातल्या मनात मागे मोजतात. मी असतो तर त्यांना फक्त बोटांवर मोजायला लावलं असतं.

उशिराची कारणं मात्र खरी होती, ती गाळू नका. भर पावसाळा. फौजेचा रोजमुरा थकलेला, आणि पगार थकला की शिपाई सरदाराच्या दाराशी धरणं धरून बसत, त्याला जेवूही देत नसत. पुण्याहून कुमक घेऊन निघालेला अलीबहाद्दर वाटेतच, तो आला नोव्हेंबरात. मोगल सरदार इस्माईल बेग आधी गुलाम कादरच्या बाजूला, तो फुटून मराठ्यांना येऊन मिळेपर्यंत दिल्लीवर जाणं म्हणजे दोन फौजा अंगावर घेणं. एक वर्षापूर्वी लालसोटला तोंड पोळलेला माणूस फुंकून पिणारच.

भाषेचं एक. महादजींना तुमच्या पात्रांनी 'महाराज' म्हणू नये. त्या काळी ते 'पाटीलबावा'. आणि राणेखानाशी ते शुद्ध मराठीत बोलत नसणार, दोघांमध्ये हिंदुस्तानीच चालत असणार. तुम्ही ग्वाल्हेरच्या, तुमच्या कानाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

चिपळ्या (जनकगंज, ग्वाल्हेर)

ताई, नमस्कार. मी नारदीय कीर्तन करतो. महादजींच्या कवितेवर तुम्ही हात ठेवलात याचा आनंद झाला, कारण आमच्याकडे ते आख्यानात येतात ते कवी म्हणूनच.

उत्तररंगाला मी कधीकधी सोहिरोबानाथ आंबिये लावतो. हे बांद्याचे, सावंतवाडीकडचे नाथपंथी कवी, उतारवयात उत्तरेत आले. आख्यायिका अशी की महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी, मूळचे गोव्याकडचे, त्यांना छावणीत घेऊन गेले. महादजींनी आपली पदं त्यांच्यापुढे ठेवली. कवीला दुसऱ्या कवीकडून काय हवं असतं ते तुम्ही जाणता. नाथांनी तारीफ केली नाही. महादजींना राग आला, आणि नाथ 'अवधूत, नहीं गरज तेरी, हम बेपर्वा फकीरी' म्हणत उठून गेले. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. लोक फकिराला टाळ्या देतात. मला मात्र हे आख्यान लावताना दर वेळी त्या मागे बसून राहिलेल्या माणसाचं वाईट वाटतं. हिंदुस्तानचा कारभार हातात, आणि आपलं पद चांगलं आहे एवढं कोणी म्हणावं म्हणून हातात कागद धरून बसलेला.

म्हणून तुमच्या प्रसंगात माझं एक मागणं आहे. शहाआलमची गझल कानावर पडते तेव्हा महादजींना आधी ती गझल म्हणून ऐकू येऊ द्या. चांगली आहे हे त्यांना कळू द्या. 'आफताब' आणि 'शाम' या शब्दांवरची कोटी कळू द्या. एका कवीला दुसऱ्या कवीची ओळ आवडली, आणि मग ती ओळ कशातून आली आहे हे लक्षात आलं. या दोन गोष्टींमध्ये एक श्वासाचं अंतर असतं. तुमचा प्रसंग त्या श्वासात आहे.

दुसरं. मी पंचांग मागे मोजून पाहिलं. १० ऑगस्ट १७८८ ला श्रावणाचा शुद्ध पक्ष येतो, नवमीच्या आसपास. म्हणजे पुढे पंधरा दिवसांवर गोकुळाष्टमी. महादजी कुठे? मथुरेत! कृष्णाची पदं करणारा माणूस कृष्णाच्या जन्मगावी, जन्माष्टमीच्या रात्री, आणि दिल्लीची बातमी येऊन पोचलेली. जन्म झाला की पाळणा म्हणावाच लागतो. चाळीस वर्षं पाळणा म्हणतोय. त्यात बाळाला 'डोळे मीट, नीज' असं सांगावंच लागतं, त्याशिवाय पाळणा नाही. महादजींनी स्वतः रचलेला पाळणा असेल, टाळ वाजत असतील, आणि ते त्या ओळीपाशी आले.

यापुढे मी सांगत नाही. ते तुमचं काम.

नर्मदाकाठ (रामबाग, इंदूर)

चिपळ्याकाका, अंगावर काटा आला.

ताई, मी आमच्याकडचं एक सांगते. अहिल्याबाईंवर शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी मी दरवर्षी काही ना काही लिहिते. पूर्वी मी त्यांना फार बोलायला लावायचे. १७५४ ला कुंभेरीवर नवरा खंडेराव गेले, बाईंचं एक भाषण. १७६६ ला सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव, पुन्हा भाषण. मुलींना पाठ करायला सोपं जायचं.

मग १७९१ वर आले. मुक्ताबाईंचा मुलगा आधी गेलेला, त्या वर्षी नवरा यशवंतराव फणसेही गेले, आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या. एकुलती उरलेली लेक. बाईंनी विनवण्या केल्या. लेकीने सांगितलं, तू आता थकलीस, काही वर्षांत तूही जाशील, मग माझं कोण, आणि तेव्हा हा मानाचा मार्गही उरलेला नसेल. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माल्कम याने हे महेश्वरकडच्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवलं आहे. पुढचं वाचून मी वही मिटली होती. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांना दंडाला धरलं होतं. ज्वाळा उठल्या तेव्हा हात सोडवता येईनात म्हणून त्या आपल्याच हातांना चावल्या. मग नर्मदेत स्नान केलं. तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, कोणाशी बोलल्या नाहीत. त्यानंतर छत्री बांधायचं काम सुरू केलं.

जिने गावोगाव घाट बांधले, जिच्या शब्दाने खजिना उघडायचा, तिला दोन माणसांनी दंडाला धरलेलं. मी त्या वर्षी नाटुकलं लिहिलं त्यात बाईंना एकही वाक्य दिलं नाही. नववीतल्या मुलीने फक्त हात सोडवायचा प्रयत्न केला. सभागृहात आया रडत होत्या.

तुमच्या महादजींचे हात कुठे आहेत ते बघा. अण्णांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हेच मनात आलं.

जुनं_बाड (दांडिया बाजार, वडोदरा)

सगळे महादजींच्या दुःखाबद्दल बोलताहेत, मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. राग मानू नये.

गुलाम कादर आकाशातून पडला नव्हता. १७७२ मध्ये मराठ्यांनी बादशहाला बरोबर घेऊन नजीबखानाच्या पत्थरगड किल्ल्यावर स्वारी केली, त्या मोहिमेत महादजी होते. नजीबखान मेलेला होता, त्याचा मुलगा झाबेताखान पळाला, घरची माणसं हाती लागली, नजीबाच्या कबरीचीही विटंबना झाली. पानिपताचा सूड. गुलाम कादर त्या घरातला पोर. सोळा वर्षांनी तो दिल्लीत शिरला तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं हे सांगायला इतिहासकार नको. महादजी मथुरेत बसून दोन महिने हिशेब करत असतील तर त्या हिशेबात पत्थरगडही येतो. तो तुमच्या कथेत नसेल तर कथा लंगडी पडेल.

शेवटही विसरू नका. डिसेंबरात गुलाम कादर सापडला, मार्च १७८९ मध्ये महादजींनी त्याला हालहाल करून मारवलं. त्याचे डोळे काढून डबीत घालून बादशहाकडे पाठवल्याचं सांगतात. गझलेतली 'भरपाई' ती हीच. आंधळ्या माणसाला डोळ्यांची डबी. मला विचाराल तर कथा तिथे संपते.

आणि एक व्यक्तिगत विचारतो, उत्तर दिलं नाही तरी चालेल. मोडीवाचकांनी उशिराची इतकी खरी कारणं दिली. पाऊस, पगार, इस्माईल बेग. कोणताही शहाणा सेनापती थांबलाच असता. तुम्ही प्रश्न विचारतानाच मात्र ठरवून बसला आहात की महादजींचा गुन्हा आहे. तो तुम्हाला दोषी का हवाय?

गोठीतली (लष्कर, ग्वाल्हेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण जुनं_बाड यांच्या शेवटच्या प्रश्नापाशी थांबले होते. उत्तर देते.

मी बँकेत होते. सात वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अण्णा देवघरात जाताना डाव्या चौकटीवर आपटले. मग संक्रांतीला पुन्हा. म्हणाले, "डावीकडचं जरा कमी दिसतंय." मी म्हटलं, मार्चएंड होऊ द्या, एप्रिलात दाखवू. शाखेत माणसं कमी होती, ताळेबंद जुळत नव्हता, रात्री साडेनऊला घरी यायचे. सगळी कारणं खरी होती. अण्णांनी परत एकदाही विचारलं नाही. शेजारी कोणी आलं की सांगायचे, "तिच्यामागे फार काम आहे हो, एप्रिलात घेऊन जाणार आहे मला."

एप्रिलात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूत आधी कडेची दृष्टी जाते, आणि गेलेली परत येत नाही. मज्जातंतू वाळून जातो. उरलेली टिकवायला थेंब दिले. ते घालत राहिलो, पण वर्षभरात तीही गेली. लवकर नेलं असतं तर किती वाचली असती, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

त्यामुळे त्या गझलेतली 'गुंतलेला आहे' ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फारसी कळत नसतानाही ती कळली. महादजी मला दोषी का हवेत, याचं उत्तर हे असं आहे. आणि तुमचं बरोबर आहे, या हिशेबात पत्थरगड यायलाच हवा, नाहीतर तो माझा हिशेब होईल, त्यांचा होणार नाही. दुसऱ्या प्रकरणात पत्थरगड घालते आहे. लहान पोर मागे वळून बघतं आणि घोड्यावरच्या महादजींना ते दिसतं, इतकंच.

डबीवर मात्र कथा संपवणार नाही. अण्णांना तुमचं सगळं म्हणणं वाचून दाखवलं. डबीचं ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्याला कशाला हवेत दुसऱ्याचे डोळे? कोण आलंय ते त्याला कळायला हवं."

चौथं प्रकरण काल रात्री लिहून झालं. मथुरेत गोकुळाष्टमी आहे. पैवस्तीची तारीख आहे, मोडीवाचक, आणि महादजी ती बोटांवर मोजतात. पाळण्याच्या दोरीला त्यांचा हात आहे, नर्मदाकाठ. ओळ गाताना ते थांबत नाहीत, पुढे म्हणतात, कारण पाळणा मध्येच सोडत नाहीत. दोरीला झोका देणारा हात तेवढा थांबतो, पाळणा आपोआप हलत हलत स्थिर होतो, आणि बाकीचे गात राहतात. रडणं नाही. यमुनाही काढून टाकली.

अण्णांनी ऐकलं. पाळण्याबद्दल काही बोलले नाहीत. पाचव्या प्रकरणाबद्दल विचारलं, "राणेखान किल्ल्यात शिरल्यावर आधी काय करतो?" मी म्हटलं, कुर्निसात करतो, मग धान्य आणवतो, सगळे उपाशी आहेत ना.

"कुर्निसात त्याला दिसणार आहे का?" अण्णा म्हणाले. "दोन महिने त्या खोलीत जो शिरला तो मारायलाच शिरला. दार वाजलं की त्याच्या पोटात गोळा येत असणार. आपल्या घरी येणारी माणसं बघ, दहातली आठ येतात आणि समोर उभी राहतात, आणि मी विचारतो कोण आहे. तुझी धाकटी मावशी तेवढी उंबऱ्याबाहेरूनच ओरडते, मी आलेय हो."

आज सकाळी पाचव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं. राणेखान दाराशीच थांबतो, जोडे काढतो, आणि आत पाऊल टाकायच्या आधी स्वतःचं नाव सांगतो.